२५६ आणि १ टीबीची जोडी, की एकच ५००? पहिल्या कॉम्प्युटरची ड्राइव्ह निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: मुलाला इंदूरच्या एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आहे आणि पहिला कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरीच जुळवायचा आहे. रायझेन ५ ५६००जी, बी५५० मदरबोर्ड आणि १६ जीबी रॅम ठरलं आहे. सिल्व्हर मॉलमध्ये एका दुकानाने २५६ जीबी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) आणि १ टीबी हार्ड डिस्क (फिरत्या तबकडीची) अशी जोडी सांगितली. दुसऱ्याने ५०० जीबीची जेन ४ (चौथ्या पिढीची) एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डावरच बसणारी वेगवान एसएसडी, पुढे केली, ‘सात हज़ार की स्पीड है, अंकल’ म्हणत. पैसे बेताचे आहेत. घरी जुन्या पीसीतली ५०० जीबीची हार्ड डिस्क पडून आहे, तिच्यात घरचे फोटो आहेत. तीच आत लावून भागेल का?

एकच एनव्हीएमई घ्या. ५०० जीबीची, आणि खिसा थोडा ताणला जात असेल तर १ टीबीची. आत टीएलसी चिप हवी, ती काय आणि कशी ओळखायची ते पुढे येतं. नवी हार्ड डिस्क आत्ता नको, आणि जुनी डिस्क आत लावायची नाही. तिचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

आधी त्या जोडीबद्दल. हार्ड डिस्कमध्ये मोटर, हेड, तबकडी आणि ॲल्युमिनियमचं कवच एवढं सगळं असतंच, मग ती ५०० जीबीची असो की ४ टीबीची. त्यामुळे तिची किंमत एका मर्यादेखाली उतरत नाही. लहान हार्ड डिस्क म्हणजे पैसे मोटारीचे, जागा नाममात्र. १ टीबी हार्ड डिस्कचे पैसे एसएसडीत घातले तर २५६ ची ५०० सहज होते, कधी कधी त्याच्याही पुढे जाता येतं. आणि २५६ जीबी म्हणजे विंडोजच्या हिशेबाने २३८. त्यातले ४०-५० जीबी विंडोज ११, त्याचे अपडेट, पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल मिळून खातात. व्हिज्युअल स्टुडिओ नीट भरून टाकला की २० ते ५० जीबी गेले. एक मोठा गेम १०० च्या पुढे. पहिल्या सेमिस्टरलाच लाल पट्टी दिसते, मग मुलगा गेम आणि सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर टाकतो आणि म्हणतो, नवा पीसी स्लो आहे. तो स्लो असणारच. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत घेते, म्हणजे हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. हेड सरकायला लागणारा वेळ वेगळा. एक सलग मोठी फाइल ती सेकंदाला १५०-२०० एमबीने देईल, पण हजारो बारीक फाइली विखुरलेल्या असतील तर वेग १-२ एमबीवर येतो. विंडोजचं दिवसभराचं काम बहुतेक त्या बारीक फाइलींचंच.

आता ‘सात हज़ार’, म्हणजे सेकंदाला ७००० एमबी. आकडा खोटा नाही, तुमच्या पीसीत लागू नाही. ५६००जी हा प्रोसेसर पीसीआयई ३.० चाच आहे, म्हणजे ड्राइव्हशी जोडणारा त्याचा रस्ता तिसऱ्या पिढीचा, जेन ३. बोर्ड बी५५० असला तरी प्रोसेसरला जोडलेला वरचा एम.२ स्लॉट (एनव्हीएमईची पट्टी बसते ती जागा) या चिपबरोबर जेन ३ वरच चालतो, आणि तिथे कमाल वेग ३५०० एमबीच्या आसपास. (नुसता ५६०० किंवा ५६००एक्स असता तर जेन ४ मिळाला असता, नावातल्या ‘जी’ने ग्राफिक्स दिलं आणि हे घेतलं.) इंटेलच्या एच६१० बोर्डांवरही एम.२ जेन ३ च असतो. जेन ४ ड्राइव्ह जेन ३ मध्ये बिनबोभाट चालते, म्हणून त्याच भावात मिळत असेल तर घ्या. पण जास्तीचे पैसे त्या आकड्यासाठी देऊ नका, मोठ्या साइझसाठी द्या. विंडोज सुरू होणं, क्रोम उघडणं, कोड कंपाइल होणं यांत ३५०० आणि ७००० मधला फरक हाताला जाणवत नाही.

मग साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखी केबलीने जोडायची? तिचा वेग ५५० एमबीला थांबतो, पण रोजच्या कामात ती तशी वाईट नाही. अडचण वेगळी आहे. स्वस्त एसएसडीत डीरॅम नसते, म्हणजे कुठला डेटा कुठे ठेवला याची यादी ठेवायला वेगळी मेमरी नसते. एनव्हीएमई ड्राइव्ह अशा वेळी कॉम्प्युटरच्याच रॅममधला छोटा तुकडा, साधारण ६४ एमबी, उसना घेते. याला एचएमबी म्हणतात. साटाला ही सोय नाही. म्हणून डीरॅम नसलेली एनव्हीएमई चालून जाते आणि डीरॅम नसलेली साटा भरत आली की अडखळते. किंमत दोघींची जवळपास सारखी, वर साटाला दोन केबली. एम.२ स्लॉट नसलेल्या जुन्या बोर्डालाच ती घ्यावी.

एक फसगत नेहमीची. एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ साटा ड्राइव्हही बाजारात आहे आणि दुकानदार तिलाही ‘एम.२ एसएसडी’च म्हणतो. खोक्यावर ‘एनव्हीएमई’ किंवा ‘पीसीआयई’ छापलेलं पाहा. दोन खाचा असलेली पट्टी बहुधा साटा, एक खाच असलेली बहुधा एनव्हीएमई. पण हा नियम पक्का नाही, छापील शब्दावरच भिस्त ठेवा. लांबी २२८० घ्या, म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. लॅपटॉपमधून काढलेल्या २२४२ किंवा २२३० स्वस्त दिसतात, पण त्यांच्या लांबीवर स्क्रूचा खुंट तुमच्या बोर्डावर असेलच असं नाही.

खरा फरक चिपचा आहे आणि तो खोक्यावर क्वचित लिहिलेला असतो. टीएलसीत एका पेशीत ३ बिट ठेवतात, क्यूएलसीत ४. चार बिट कोंबायचे तर व्होल्टेजच्या १६ पायऱ्या अचूक साधाव्या लागतात, म्हणून लिहिणं संथ आणि आयुष्य कमी. हा संथपणा झाकायला ड्राइव्ह रिकाम्या पेशी काही काळ एका बिटाच्या करून वापरते, तोच एसएलसी कॅश. नव्या कोऱ्या ड्राइव्हवर बेंचमार्क लखलखीत येतो तो याचमुळे. क्यूएलसीत हा कॅश रिकाम्या जागेच्या फार तर पाव. ४०० जीबी रिकामे असतील तर १०० जीबीपर्यंत धावेल. ड्राइव्ह भरून ८० जीबी उरले की २० जीबीनंतर दम लागतो. कॅश संपल्यावर स्वस्त क्यूएलसी १०० एमबीच्या आसपास किंवा त्याखाली उतरते, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षाही हळू. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओमध्ये १ टीबी मॉडेलला कॅशनंतर ८० एमबी हा वेग कंपनीने स्वतःच सांगितलेला आहे. वाचण्यात मात्र क्यूएलसीला फारशी खोट नाही. नुसते गेम ठेवायला दुसरी ड्राइव्ह म्हणून ती चालेल. एकुलती एक ड्राइव्ह, तिच्यावरच विंडोज आणि तिच्यावरच व्हिडिओ एडिटिंग, तर नको.

ओळखायची युक्ती म्हणजे टीबीडब्ल्यू, वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा. तो कंपनीच्या पानावर असतोच. ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू असेल तर आत टीएलसी असण्याची शक्यता दाट. डब्ल्यूडी ब्लू एसएन५८० ला तेवढा आहे. क्रुशिअल पी३ च्या ५०० जीबीला ११०, ती क्यूएलसी. मधल्या आकड्यांत सावध राहा. किंग्स्टन एनव्ही२ च्या ५०० जीबीला १६० आहे आणि तिच्या आतले भाग बॅचप्रमाणे वेगवेगळे निघाले आहेत. क्रुशिअल पी२ तर आधी टीएलसीवर आली आणि २०२१ मध्ये त्याच नावाने क्यूएलसीवर गेली. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू वाचून ड्राइव्ह घेऊ नये. ३०० टीबीडब्ल्यू संपतील का याची काळजी मात्र करू नका: रोज ३० जीबी लिहिले तरी १०,००० दिवस, म्हणजे २७ वर्षं. आकड्याचा उपयोग चिप ओळखायला.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपचे भाव असे चढले आहेत की सकाळी विचारलेला दर संध्याकाळी टिकेलच असं नाही. त्याऐवजी एका जीबीचा भाव काढा. समजा ५०० जीबीला ४,००० आणि १ टीबीला ६,५०० सांगितले, तर पहिलीत जीबीला ८ रुपये, दुसरीत साडेसहा. हा फरक दीड रुपया किंवा जास्त असेल आणि घरात पैसे असतील तर १ टीबी घ्या, कारण वर्षभराने दुसरी ५०० घेणं महागच पडतं. नसतील तर ५०० पुरे. बी५५० च्या बहुतेक बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट असतो. तो वापरताना मॅन्युअल उघडा, कारण बऱ्याच बोर्डांत खालच्या स्लॉटात ड्राइव्ह बसवली की दोन साटा पोर्ट बंद पडतात आणि माणूस दिवसभर केबली बदलत बसतो. आणि पुष्य नक्षत्राची वाट पाहू नका. तो मुहूर्त सोन्याचा आहे.

सिल्व्हर मॉल असो की जेल रोड, पक्कं बिलच घ्या, जीएसटी नंबर आणि ड्राइव्हचा सीरिअल नंबर दोन्ही लिहिलेलं. एसएसडीवर जीएसटी १८ टक्के आहे. कच्च्या बिलात ते वाचल्यासारखे वाटतात आणि तीन वर्षांत कधीही बुडतात. पैसे देण्याआधी दुकानातच मोबाइलवरून कंपनीच्या वॉरंटी पानावर तो नंबर टाका. भारतातली वॉरंटी आणि तिची शेवटची तारीख दिसली तर माल सरळ मार्गाने आलेला. ‘वॉरंटी हम देंगे’ याचा अर्थ बहुतेकदा माल बाहेरून आला आहे आणि वॉरंटी त्या गाळ्याच्या शटरइतकीच टिकेल. क्रुशिअलबद्दल हल्ली विचारतात म्हणून: डिसेंबर २०२५ मध्ये तिची मालक कंपनी मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांचा हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं, वॉरंटी मात्र पाळू असं सांगितलं आहे. दुकानात पडलेला जुना माल चांगल्या भावात मिळाला तर घ्यायला हरकत नाही. नाव न ऐकलेल्या ब्रँडच्या १२८ आणि २५६ जीबीच्या स्वस्त पट्ट्या मात्र भाव कितीही पाडला तरी नकोत. टीबीडब्ल्यू जिथे छापलेलाच नाही तिथे मोजायचं तरी काय?

बसवताना. एसएमपीएसचं बटण बंद, वायर काढलेली. पट्टी स्लॉटात तिरकी घालायची, साधारण ३० अंशांत, आणि सोनेरी दात दिसेनासे झाल्यावर आडवी दाबून स्क्रू लावायचा. हा स्क्रू एम२ मापाचा, मदरबोर्डाच्या खोक्यातल्या लहानशा पुडीत असतो. ती पुडी बेसनाच्या पुडीसारखी कचऱ्यात जाते आणि मग कोणी टेपने पट्टी चिकटवतो. स्क्रू बोटांच्या जोराने टेकला की पुरे. बोर्डाच्या हीटसिंकखाली थर्मल पॅडवर पातळ प्लॅस्टिक असतं, ते काढायचं. ड्राइव्हवरचं स्टिकर काढायचं नाही, त्यावर सीरिअल नंबर आहे आणि ते गेलं की वॉरंटी गेली. हीटसिंक नसेल तर जेन ३ च्या वेगाला वेगळी विकत घेऊ नका. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते तेव्हा कॅबिनेटला पुढून हवा आत आणि मागून बाहेर अशी वाट असली म्हणजे झालं.

विंडोज टाकताना आत फक्त तीच एक ड्राइव्ह असू द्या. हे वाक्य बारीक वाटतं, पण पहिल्या बांधणीत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. दुसरी डिस्क जोडलेली असेल तर विंडोजचा इन्स्टॉलर १०० एमबीचं बूट पार्टिशन कधी कधी त्या डिस्कवर टाकतो. विंडोज एसएसडीवर, किल्ली हार्ड डिस्कवर. काही महिन्यांनी ती डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही आणि बिचाऱ्या एसएसडीवर आळ येतो. दुसरा फायदा: ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही’ असा संदेश आला तर शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून ‘क्लीन’ करावं लागतं, आणि ते क्षणात सगळं पुसतं. आत एकच डिस्क असेल तर चुकीची निवडायची भीती नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीएसएम हा जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्क-रचनेवर सरळ इन्स्टॉल होईल. इंटेलचा बोर्ड असता आणि इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसलीच नसती, तर बायोसमधलं व्हीएमडी हे सेटिंग बंद करून पाहा म्हटलं असतं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

पार्टिशन एकच ठेवा. १०० जीबीचा सी आणि बाकीचा डी, ई करून देण्याची दुकानातली सवय हार्ड डिस्कच्या काळातली आहे. एसएसडीवर तिने वेग वाढत नाही, फक्त सी भरतो आणि डी रिकामा राहतो. डीफ्रॅगही नको, विंडोज आठवड्यातून एकदा ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवणं, स्वतः करतं. साधारण १५ टक्के जागा मोकळी ठेवा, कॅशचं गणित वर आलंच आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं तर विंडोज ११ ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद करू शकतं. मग बायोस अपडेट केल्यावर ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती खात्यात आहे ना ते आजच पाहा आणि कागदावर लिहून ठेवा.

पहिल्याच दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्राम चालवा. नव्या ड्राइव्हचे ‘पॉवर ऑन अवर्स’ एक आकडी हवेत आणि ‘टोटल होस्ट राइट्स’मध्ये तुम्ही नुकतं टाकलेलं विंडोज एवढंच हवं. शेकडो तास दिसले तर माल वापरलेला आहे, लगेच परत न्या. ‘ट्रान्सफर मोड’पुढे पीसीआयई ३.० एक्स४ यायला हवं; एक्स२ किंवा एक्स१ दिसलं तर पट्टी चुकीच्या स्लॉटात आहे किंवा नीट बसलेली नाही. साइझ खरी आहे का ते पाहायला एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम एकदा पूर्ण चालवा. ५०० जीबीचं लिखाण ३०० टीबीच्या सहाशेव्या भागाइतकं, काही बिघडत नाही. आणि ५०० च्या जागी ४६५ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने भागते, विंडोज १०२४ ने.

वळवाच्या पावसात लाइट जाते तेव्हा चालू लिखाण अर्धवट राहतं, आणि स्वस्त एसएसडीत तेवढ्या क्षणापुरती वीज धरून ठेवणारे कपॅसिटर नसतात. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पीसी नीट बंद करायला पुरतो. यादीत तो आरजीबी पंख्यांच्या वर ठेवा.

पुढे कधी डेटा खरोखरच ५०० च्या पलीकडे गेला तर हार्ड डिस्क घ्या, पण तेव्हा २ टीबीच्या खालची नको, आणि तिथेही एक शब्द विचारायचा: सीएमआर की एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची सगळी ओळ उचलावी लागते, तसं थोडं बदलायला बरंच पुन्हा लिहावं लागतं, म्हणून मोठी कॉपी मध्येच रेंगाळते. डब्ल्यूडी ब्लू १ टीबी, डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स, सीएमआर आहे. सीगेट बाराकुडा २ टीबी, एसटी२०००डीएम००८, एसएमआर. सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणाऱ्या पर्पल किंवा स्कायहॉक डिस्क पीसीलाही चालतात, फक्त ‘रिफर्बिश्ड’ पुडीतल्या नकोत. त्यांचे तास शून्यावर आणता येतात. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं बाहेर आली, ती डिस्कच्या आतल्या ‘फार्म’ नोंदीवरून. मोलेक्स या जुन्या वीज-जोडावरून साटा करणारी साच्यातली, एकसंध प्लॅस्टिकची अडॅप्टर वायर टाळा. तिच्या आत तारा एकमेकींना टेकतात आणि वितळतात. एसएमपीएसची स्वतःची साटा वायर वापरा.

आता ती जुनी डिस्क. ती आत लावायची नाही याचं कारण वय आहे, आणि फोटोंची एकच प्रत तिच्यावर आहे हे दुसरं. विंडोज टाकून झाल्यावर ती बाहेरूनच जोडा. साडेतीन इंची असेल तर १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवाली यूएसबी केस लागेल, अडीच इंची असेल तर साधी. क्रिस्टलडिस्कइन्फोत तीन ओळी पाहा: ०५, सी५, सी६. या डिस्कने स्वतःच ठेवलेल्या खराब सेक्टरांच्या, म्हणजे डेटाच्या बिघडलेल्या तुकड्यांच्या, नोंदी. तिन्ही शून्य असतील तर निवांत कॉपी करा. सी५ शून्य नसेल तर काही सेक्टर वाचता येत नाहीत असा अर्थ. अशा वेळी विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क चालवू नका, ते तासन्‌तास डिस्क घासत बसतं. आधी सर्वांत मोलाचे अल्बम काढा, मग बाकीचं. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलीत आहे, डिस्कमध्ये नाही. टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर दुर्लक्ष करा.

फोटो एसएसडीवर आले की जुनी डिस्क पुसू नका. ठीक असेल तर तीच दुसरी प्रत म्हणून कपाटात ठेवा, आणि तिसरी प्रत क्लाउडवर किंवा रामबागेतल्या आजीच्या घरी दुसऱ्या डिस्कवर. कपाटात ठेवायला एसएसडी मात्र घेऊ नका. तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू गळतो. झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गच्चीखालच्या खोलीतलं कपाट ३० अंशांवर थांबत नाही.